गाठीला दिलेला ताण

माझा मोठा भाऊ जेवत नव्हता. घास गिळता येत नव्हता, उलट्या होत होत्या, तोंड आलं होतं, असलं काही म्हणाल तर तसंही नव्हतं. समोर ताट होतं, पोटात भूक होती आणि हा माणूस जेवत नव्हता. डॉक्टरांनी केमोचा दुसरा डोस पुढे ढकलला होता, कारण याचं वजन उतरलं होतं आणि रक्त कमी पडलं होतं. मानेतली गाठ मात्र कुणासाठी थांबणारी नव्हती. ती आपलं काम करत होती.

हे सगळं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. मी अमरावतीला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेशीचक्राचं ते गोल चित्र फळ्यावर काढता काढता माझे केस पांढरे झाले. आणि मला ऐकवतं कोण, तर डॉक्टर. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर बायोलॉजीच्या ना. जरा समजवा की भावाला." जरा समजवा. जणू इतके दिवस मी त्याच्याशी लुडो खेळत बसले होते. मी फाइल उचलली आणि दादाला घेऊन बाहेर आले. तो रिक्षात बसताना शांतपणे म्हणाला, "डॉक्टर भला माणूस हाय." मला त्याला तिथेच उतरवून द्यावंसं वाटलं.

आमचं घर अंजनगाव सुर्जीचं, माळ्याचं. आधी भाजीपाला पिकायचा, दादाच्या हातात शेत आलं तशी त्याने संत्र्याची बाग लावली. घरात तो आणि वहिनी दोघंच. बागेवर त्याचा भारी जीव. म्हणजे इतका, की दाढी करताना मानेत गाठ लागली तेव्हा फळांची तोड चालू होती आणि हा म्हणाला, तोड होऊ दे, मग पाहू. व्यापाऱ्याची गाडी भरून गेली, बाग रिकामी झाली, मग स्वारी अकोल्याला दाखवायला निघाली. तिथे तुकडा काढून तपासला. मानेतल्या ग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधाला चांगली दाद देणारा प्रकार आहे, फक्त डोस वेळेवर गेले पाहिजेत. मी अमरावतीला राहते म्हणून उपचार अमरावतीला ठरले. वेळेवर हा शब्द मी तेव्हाच दादाला दोनदा ऐकवला होता.

पहिल्या डोसाच्या दिवशी त्याला सलाईन लावलं होतं. छताकडे बघत पडला होता. मधेच मला म्हणाला, "मले एक सांग बाई. हे वाढते काऊन? नाक नाई वाढत, कान नाई वाढत. हेच काऊन वाढते?"

प्रश्न इतका चांगला होता की मी खुर्ची पुढे ओढली. माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांनी असा प्रश्न कधी विचारला नाही. त्यांना फक्त हे पेपरात किती मार्कांना येतं तेवढं हवं असतं.

मी त्याला सांगितलं, की अंगातली पेशी मनात आलं म्हणून दोनाची होत नाही. आधी ती वाढते, मग आपल्या डीएनएची नक्कल करते, मग नक्कल बरोबर उतरली का ते तपासते आणि त्यानंतरच मधोमध विभागते. या प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक नाका असतो. पहिल्या नाक्यावर विचारपूस होते, की शरीराने मागणी केली आहे का, आजूबाजूला जागा आहे का, खायला पुरेसं आहे का. नसेल तर पेशी तिथेच थांबते. कित्येक पेशी चक्रातून बाहेर पडून नुसतं आपलं काम करत बसतात, म्हणून नाक वाढत नाही. डीएनएत बिघाड दिसला तर पी-त्रेपन्न नावाचं एक प्रथिन जागं होतं. ते म्हणतं, थांब, आधी दुरुस्त कर. आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर ते पेशीला मरायला लावतं, आणि पेशी ऐकते, मरते.

"म्हंजे कायदा हाय सारा," दादा म्हणाला.

"हाय ना. कॅन्सरमंधी तोच मोडते."

इथवर तो ऐकत होता. मग सिस्टर आली, तिने बाटली बदलली, आणि दादाने डोळे मिटले. मी बोलत राहिले. वाढ म्हणणारं जनुक चालूच राहतं, थांब म्हणणारं बंद पडतं, मरायचा हुकूम घेणारं कोणी उरत नाही. हे एका दिवसात होत नाही, वर्षानुवर्षं एकेक बिघाड साचत जातो. शेवटी जी पेशी तयार होते ती ना मागणी बघते, ना जागा, ना खायला आहे की नाही. आणि हे औषध म्हणजे काय, तर जी पेशी विभागायला निघाली तिला झोडपणं. त्यात रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशीही सापडतात, कारण त्याही सारख्या विभागत असतात. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत त्या पुन्हा उभ्या राहतात, पण त्यांना खायला लागतं. म्हणून दादा, पोटभर जेवायचं. हे मी बोलले होते. शपथेवर सांगते, बोलले होते. दादा "हो" म्हणाला, आणि मला वाटलं तो ऐकतो आहे.

पुढचे दिवस म्हणजे नुसता डोक्याला ताप. दादा गावी परतला आणि भेटायला माणसं लोटली. एकाने पपईच्या पानांचा रस आणला. एकीने सांगितलं, तिच्या दिराच्या साडूची गाठ गहू उगवून त्याचा रस प्यायल्यावर गेली. आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणीतरी टाकायचं, साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो. मी पहिल्यांदा उत्तर लिहिलं. दुसऱ्यांदा लांबलचक लिहिलं. त्यावर चार जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि दुसऱ्या दिवशी तोच मेसेज परत आला. मी ग्रुप सोडला, तर काकू रुसल्या.

मग दुसऱ्या डोसाचा दिवस आला आणि तो प्रसंग घडला, डॉक्टरांसमोरचा. वजन एवढं कसं उतरलं, ते विचारत होते. दादा म्हणाला, जेवन जात नाई साहेब. पहिल्या डोसाने गाठ चांगली उतरली होती, पण दिवस असे वाया गेले तर ती पुन्हा डोकं वर काढेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रक्त सुधारून आणा, मग बघू.

मी वहिनीला फोन केला. म्हटलं, "वहिनी, खरं सांगा, जेवते का थो?"

"जेवतात ना. मी डबा देतो, ते वावरात घेऊन जातात. डबा धुतल्यावानी रिकामा येते."

डबा रिकामा येतो आणि माणूस वाळतो, हे गणित मला पटेना. शनिवारी कॉलेज आटोपलं आणि परतवाड्याकडून जाणारी एसटी पकडून मी अंजनगावला गेले. घरी पिशवी टाकली, चहालाही थांबले नाही, तडक शेतात.

दादा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निंबाखाली बसला होता. मफलर गुंडाळलेला, गालफडं बसलेली. डबा उघडा, मांडीवर भाकर. आणि समोर आमच्या गायीचं वासरू. हा भाकर मोडत होता आणि तुकडा तुकडा वासराला भरवत होता. वहिनीने मऊ व्हावी म्हणून दुधात कालवलेली भाकर. वासरू चांगलं बाळसं धरून होतं.

"काय करून राहिला तू हे?"

चोरी पकडल्यावर माणूस जरा तरी ओशाळतो. हा ओशाळला नाही. म्हणाला, "ताण देऊन राहिलो."

"कोनाले?"

त्याने मफलर बाजूला केला आणि गाठीवर बोट ठेवलं. "हिले."

संत्र्याच्या बागा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगते. आंबिया बहार धरायचा, म्हणजे हिवाळा सरताना झाडांना फुलं आणायची, तर आधी हिवाळ्यात बागेचं पाणी बंद करतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, नवी फूट थांबते. झाड विश्रांतीला जातं. आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत हा ताण बसायला दिवस लागतात. मग संक्रांतीच्या पुढेमागे पाणी सोडलं, की सगळी बाग एकदम फुलावर येते. यालाच ताण देणं म्हणतात. दादा त्यात मुरलेला आहे. पान हातात घेऊन तो सांगतो, अजून चार दिवस थांबा, किंवा आजच पाणी सोडा. आसपासचे लोक त्याला विचारायला येतात.

"बागेचं पानी अन् माहं जेवन एकाच दिशी बंद केलं," तो मला समजावून सांगायला लागला. मला. "संक्रांत झाली का बागेले पानी सोडतो, मीबी जेवाले लागतो. तवरोक ही वाळून जाते. तूच तं सांगतलं, पयल्या नाक्यावर खायाचं पायतात म्हून."

मला वाटलं, वासराला बाजूला करावं आणि त्या दाव्याने या माणसाला निंबाला बांधून घास भरवावेत.

"अरे, थे चांगल्या पेशीचं सांगतलं होतं मी. हिचा नाका मोडला हाय, हेबी सांगतलं ना. ही उपाशी रायत नाई दादा. ही तुह्या अंगातून वढून घेते. उपाशी तुह्यं रक्त रायते."

"मंग कमी काऊन झाली ही? हात लावून पाय."

"औषधानं झाली."

"औषध एक दिवस देल्लं. ताण रोज चालू हाय."

आता याला काय म्हणावं. आयुष्यभर वर्गाला कारण आणि परिणाम शिकवले, आणि सख्खा भाऊ केमोचं श्रेय वासराला घातलेल्या भाकरीला देत होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चक्र सांगितलं, नाके सांगितले, मातीत काडीने गोल काढून दाखवला. तो मान हलवत होता. शेवटी त्याने बागेकडे हात केला. सगळी झाडं पानं मुडपून उभी होती, कुठे नवं पान नाही. "पाय, थांबलं का नाई सारं? पोथीत नशीन ते, पन मी डोयानं पायलं."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, डॉक्टर येडे, मी येडी, तू एकटा शहाणा. वहिनीला काय सांगू, नवऱ्यापेक्षा वासरू चांगलं सांभाळलं म्हणू? त्याने वासराला आणखी एक तुकडा दिला. आमच्यात हे लहानपणापासून असंच आहे. मी ओरडते, तो गप्प बसतो आणि आपल्याला हवं तेच करतो. मला रडू यायला लागलं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी उठून बागेत शिरले. कुठे जायचं हे ठरलेलं नव्हतं. चार ओळी गेले असेन, तर माझा पदर मागून ओढला गेला.

काट्यात अडकला होता. वळून पाहिलं, तर एका झाडाच्या बुंध्यातून सरळ वर गेलेला फोक, माझ्या डोक्याच्याही वर. पानसोट म्हणतात त्याला आमच्याकडे. संत्र्याचं कलम जंबेरी नावाच्या रानलिंबाच्या खुंटावर बांधलेलं असतं, आणि कधी कधी खालच्या खुंटातूनच असा फुटवा निघतो. लांब काटे, फळ नाही, आणि वाढ विचारूच नका. दरवर्षी तोड झाली की दादा स्वतः ओळीओळीने फिरून हे कापतो. यंदा तो फिरलाच नव्हता. मी पदर सोडवत होते, काटा बोटात गेला, रक्त आलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळी बाग मलूल आहे आणि हा एकटा हिरवागार आहे.

मी परत गेले. पदर फाटलेला, नाक लाल. म्हटलं, "ऊठ."

"काऊन?"

"ऊठ म्हनलं ना."

हात धरून नेलं त्याला. चार ओळी चालताना तो दोनदा थांबला. एरवी हा माणूस दिवसभर बागेत चालायचा. त्या झाडाशी पोचलो आणि त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं हे गाठीबद्दल असेल. कुठलं आलं. पानसोट न कापल्याबद्दल तो बागेतल्या गड्यावर चिडला होता.

"हा कवाचा? कोनाच्याच नजरेत नाई आला? झाड खाल्लं ना यानं सारं."

मी म्हटलं, "पानी बंद हाय ना दादा? मंग हा काऊन नाई सुकला?"

"हा काऊन सुकन? हा ऐकते काय ताणाचं? हा जंबेरीचा हाय. ताण बसते थो झाडाले. हा तं झाडाचं वढून घेते अन् वाढते. याले उपाशी मारतो म्हनशीन तं आधी झाडच..."

तो तिथे थांबला. मी एक अक्षर बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं, हे मलाच माहीत. दादा त्या फोकाकडे पाहत राहिला. मग मागच्या झाडाच्या मुडपलेल्या पानाला हात लावला. मग मानेवर हात गेला, आणि तिथेच राहिला.

हात न काढता म्हणाला, "कातर आन."

शेतातल्या खोलीतून मी छाटणीची कातर आणली. तो खाली बसला, फोकाच्या बुडाशी पातं लावलं आणि दाबलं. कातर मिटेना. त्याने दोन्ही हात लावले. सालीवर नुसता वळ उठला. अंगठ्याएवढ्या जाडीचा फोक, आणि माझ्या भावाला तो कापता येईना. मी हात पुढे केला तर त्याने माझा हात बाजूला केला. कातर मातीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "डब्यात काही उरलं हाय का पाय."

डब्यात काय उरणार, वासराने साफ केलं होतं. मी घरी फोन लावला. वहिनीने काय विचारलं मला नीट ऐकूही आलं नाही, मी म्हटलं, वहिनी, दोन भाकरी अन् वरण घेऊन या, अन् तूपबी आना. ती धावतच आली असणार, कारण तिच्या पायात वेगवेगळ्या चपला होत्या. दादा त्या झाडाशेजारी मातीत बसून जेवला. इतक्या दिवसांचा उपास, त्यामुळे घास घशात अडकत होता. मधे मधे पाणी पीत, रागावल्यासारखा, पानसोटाकडे बघत जेवला. वहिनी डोळ्याला पदर लावून बसली होती. मी आता तरी मऊ बोलावं की नाही? मी म्हटलं, हळू खा, पोट दुखन.

त्याने एक अट घातली. पानसोट कुणी कापायचा नाही. गड्याला ताकीद दिली, वहिनीला दिली, मला दिली. मीच कापीन म्हणाला. मी म्हटलं, अरे, झाडाचं वाटोळं होईल. होऊ दे म्हणाला, एक झाड गेलं तं गेलं. आता बोला. ज्या माणसाने झाडांसाठी गाठ अंगावर काढली तो म्हणतो एक झाड गेलं तर गेलं.

रक्त सुधारायला वेळ लागला. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा गाठ मधल्या दिवसांत थोडी परतली होती. ते मला त्याच्यासमोर सांगायचं नव्हतं, पण डॉक्टरांनी सांगितलं, आणि दादाने खाली बघितलं. दुसरा डोस गेला. संक्रांतीनंतर बागेला पाणी सोडलं, बाग फुलली. ते एक झाड मात्र मुकं राहिलं. प्रत्येक डोसानंतर तो आठवडाभर पडून असायचा, तोंडाला चव नसायची, आणि तरी वहिनीला सांगायचा, वाढ. गावी गेला की आधी त्या झाडाशी जायचा, कातर लावून बघायचा, परत यायचा. मला वहिनी फोनवर सांगायची. मी म्हणायचे, येडा हाय थो.

एके दिवशी मी वर्गात होते. फळ्यावर तोच गोल, तेच नाके, मागच्या बाकावर तीच कुजबुज. पर्समधला फोन वाजला. वर्गात फोन घेणाऱ्या पोरांना मी बाहेर काढते, पण दादाचं नाव दिसलं म्हणून खडू तसाच हातात धरून मी फोन घेतला.

"कापला," तो म्हणाला. त्याला दम लागला होता.

"काय?"

"पानसोट. दोन्ही हातानं लावली कातर, पन कापला. आता झाडाले जीव येईन."

पोरं माझ्याकडे बघत होती.

"आयकून राहिली ना?" दादा म्हणाला. "घरी चाललो आता. भूक लागली."

"मंग फोन ठेव," मी म्हटलं, "अन् जेव."